राखीव गोलंदाजांची पैसेवारी

"पप्पा, तुम्ही फक्त नाव द्या. बाकी सगळं कॉम्प्युटर करतो."

हे वाक्य माझ्या जावयाने, म्हणजे हितेंद्ररावांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. मी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. जळगाव जिल्ह्यातल्या कापसाचे, केळीचे आणि ज्वारीचे आकडे मी एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने मांडले. त्यातला एकही आकडा कॉम्प्युटरने मला सांगितलेला नाही. मीच कॉम्प्युटरला सांगितलेला आहे. अशा माणसाला "फक्त नाव द्या" म्हणायचं म्हणजे आचाऱ्याला बोलावून "तुम्ही फक्त पंगतीत बसा" म्हणण्यातला प्रकार झाला.

प्रकरण असं होतं. हितेंद्रराव आणि आमची दिपमाला न्यू जर्सीत राहतात. तिथे त्यांच्या मित्रांची बारा जणांची एक टोळी आहे. दर वर्षी बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी हे बारा जण अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंची आपापसांत वाटणी करतात. आळीपाळीने एकेक नाव घ्यायचं, असे तेवीस फेरे, आणि प्रत्येकाचा एक कागदी संघ तयार. मग खरा खेळाडू खऱ्या मैदानात जे काही करील त्याचे गुण या घरबसल्या मालकांना. पैसा लागत नाही, इज्जत लागते. यंदा त्यांच्यातल्या एकाला जुळी झाली, त्यामुळे तो गळला. अकरावर खेळ चालत नाही. बारावा म्हणून सासऱ्यांचं नाव सुचलं.

मी विचारलं, की मग मी नेमकं काम काय करायचं. पलीकडून दिपमालाने हितेंद्ररावांना कोपराने ढोसलेलं मला स्क्रीनवर स्पष्ट दिसलं. तेव्हा ते म्हणाले, "हवं तर रिलीफ पिचर बघून ठेवा पप्पा. ते शेवटी शेवटी घ्यायचे असतात. त्यात फारसा फरक पडत नाही."

एका दमात दुसरा अपमान. मी फोन ठेवला, शर्ट घातला आणि स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी रजिस्टर घेऊन आलो.

रिलीफ पिचर म्हणजे काय, हे मला पहिल्या तीन दिवसांत कळलं. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा मुख्य गोलंदाज दमला की उरलेली वेळ निभावायला दुसरे राखीव गोलंदाज एकामागून एक येतात. त्यातला अगदी शेवटचा जो, तो तर आणखीच कठीण जागी उभा. आपला संघ दोन-तीन धावांनी पुढे असताना त्याला आणायचं. त्याने ती आघाडी सांभाळली तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' मांडायची, आणि घालवली तर सगळ्या गावाने त्याला बोलायचं. माझ्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या टेबलांचा अतिरिक्त कार्यभार सांभाळण्यात घालवली आहेत. हे राखीव लोक मला पहिल्या दिवसापासून आपले वाटले, आणि "त्यात फारसा फरक पडत नाही" हे वाक्य मला मग जास्तच लागलं.

पण आधी माझं नाव. ज्या साइटवर हा खेळ चालतो तिथे खातं उघडायचं होतं. माझं नाव पंडित शंकर नेरकर. पहिल्या चौकोनात 'पंडित' लिहिलं, तर लाल अक्षरांत उत्तर आलं की उपाधी लिहू नका, नाव लिहा. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. शेवटी मी त्यांना इंग्रजीत रीतसर पत्र पाठवलं. विषय : माझे नाव हे माझे नावच असल्याबाबत. सोबत आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत जोडली. पाच दिवसांनी कुणा बाईचं उत्तर आलं. तिने माझी विचारपूस केली, दिवस चांगला जावो म्हणाली, आणि खातं 'नेरकर नेरकर' या नावाने उघडून दिलं. पिनकोडच्या जागेत फक्त पाच आकडे मावत होते, त्यामुळे शेवटचा आकडा साइटनेच कापला. म्हणजे अमेरिकेच्या दफ्तरी मी नावाच्या जागीही आडनावच असलेला आणि कुठल्याच गावात न राहणारा इसम झालो.

आता क्रमवारी. इंटरनेटवर अशा क्रमवाऱ्या पुष्कळ असतात. त्या कुणी लावल्या, कशाच्या आधारावर लावल्या, याची कुठेही टीप नसते. मी ठरवलं, की आपण पैसेवारी काढायची. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो : गावात पीक कसं आलं हे सरकार पैशांत मोजतं. शंभर पैसे म्हणजे भरघोस, पन्नासच्या खाली म्हणजे दुष्काळ. आणि ती मोजायला सगळं शेत कापत बसत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखा एक तुकडा निवडतात, तो कापतात, वजन करतात. मी साठ राखीव गोलंदाज घेतले, प्रत्येकाचे गेल्या वर्षीचे दहा सामने याच पद्धतीने निवडले आणि नोंदी केल्या. सहाशे नोंदी. बारा दिवस. डायनिंग टेबल माझ्याकडे असल्यामुळे आमच्या सौ. सुनंदाबाई त्या काळात गॅसच्या ओट्याशी उभ्याने जेवत होत्या, आणि जेवताना जे बोलत होत्या ते मी नोंदीत घेतलेलं नाही.

तयार झालेल्या तक्त्याचा फोटो मी हितेंद्ररावांना पाठवला. उत्तरादाखल त्यांनी एक अंगठा पाठवला. सहाशे नोंदींना एक अंगठा.

आमच्या जळगावात मात्र कदर झाली, नको इतकी झाली. पहिले आले बादल पावरा सर. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. लहानपणी गोफणीने शेतातली पाखरं उडवली आणि पुढे भालाफेकीत विद्यापीठापर्यंत पोचले. त्यांना माझा पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज दाखवला, पैसेवारी चौऱ्याण्णव. त्यांनी मोबाइलवर त्याची फेक चार वेळा पाहिली, पाचव्यांदा थांबवून पाहिली आणि म्हणाले, "याचा कोपर जाणार, भाऊ."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की माझ्या तक्त्यात कोपराचा रकाना नाही. नऊ दिवसांनी बातमी आली, की त्या माणसाच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो वर्षभर खेळणार नाही. एकोणसाठ माणसं एकेक जागा वर सरकवायची आणि तळाला नवा साठावा भरायचा म्हणजे काय काम असतं, हे पक्क्या शाईने रजिस्टर लिहिणाऱ्यालाच कळेल. पांढऱ्या शाईच्या तीन बाटल्या गेल्या. त्या संध्याकाळी बादल सर आले, चहा प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि गेले. कोपराचं अक्षर काढलं नाही. माणसाने एवढंही चांगलं वागू नये.

दुसरे सल्लागार प्रकाशचंदजी. ते आमच्या शेजारी राहतात, दाणाबाजारात त्यांची तीन पिढ्यांची अडत आहे, आणि आमच्या कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्षही तेच आहेत. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि विचारलं, की माल कुठे आहे. मी म्हटलं, हाच माल. ते म्हणाले, वहीत मिटून ठेवलेला माल काय कामाचा. ऐन वेळी पानं उलटत बसाल आणि समोरचा घेऊन जाईल. यादी अशी पाहिजे, की खुर्चीतून मान वर केली की सगळे साठ एकदम दिसले पाहिजेत. "फ्लेक्स करा, पंडितभाऊ," ते म्हणाले.

सल्ला वाईट नव्हता. माझा चष्मा वरून लांबचा आणि खालून जवळचा आहे. रजिस्टर आणि स्क्रीन यांच्यात मान हलवून मला त्या आठवड्यात चक्कर आलीच होती. मी चार बाय सहाचा फ्लेक्स टाकला. फ्लेक्सवाल्याकडे माझ्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो कॉम्प्युटरमध्ये पडून होता. फ्लेक्स आहे म्हणजे फोटो पाहिजे, असा त्याचा समज. त्याने वर मधोमध माझा हार घातलेला फोटो टाकला, खाली साठ अमेरिकन नावं आणि सर्वांत शेवटी 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'.

हॉलच्या भिंतीवर शोकेसमुळे तो मावेना, म्हणून पुढच्या व्हरांड्यात आतल्या भिंतीवर लावला. आत लावला तरी तो रस्त्यावरून दिसत होता, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. लोक थांबून वाचायला लागले. एकाने विचारलं, वॉर्डातून उभे राहताय का आणि कुठल्या पक्षाकडून. असोद्याहून दूध घालायला येणारे नथ्थूआबा यादीत आपलं नाव शोधत उभे राहिले. सापडलं नाही म्हणून माझ्याशी बोलेनासे झाले, आणि दुधातही फरक पडला, असं सुनंदाबाईंचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर मला नोटीस आली. इमारतीच्या दर्शनी भागात विनापरवानगी फलक लावल्याबद्दल. सही : प्रकाशचंद, अध्यक्ष. नोटीस द्यायलाही तेच आले. मी म्हटलं, शेठजी, फ्लेक्स करा असं तुम्हीच म्हणालात. ते म्हणाले, ते शेजारी म्हणून. पोच म्हणून माझी सही घेतली, अध्यक्ष म्हणून चहा नको म्हणाले आणि शेजारी म्हणून प्यायले.

फ्लेक्स उतरवून गच्चीवर ठेवला. मार्चचा महिना, आमच्याकडे बिबड्यांचे दिवस. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ज्वारीचे पापड समजावं. शिजवलेलं पीठ गरम असतानाच कापडावर किंवा प्लॅस्टिकवर पातळ थापायचं आणि उन्हात वाळवायचं. सुनंदाबाईंना आयताच चार बाय सहाचा स्वच्छ, गुळगुळीत कागद मिळाला. संध्याकाळी बिबड्या सोलल्या तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर उलट्या इंग्रजीत नावं उमटली होती, आणि मधल्या दोन मोठ्या बिबड्यांवर मी होतो, हारासकट. पीठ वाया गेलं म्हणून त्या भडकल्या. एकविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतची यादी पुसली म्हणून मी भडकलो. आमचं तीन दिवस बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी त्या बोलल्या, ते असं : गटारीसाठी खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली आहे आणि कॉलनीचं नेट आठ दिवस येणार नाही.

ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची ती वाटणी, तीन दिवसांवर. तिकडे शनिवारी रात्री नऊ, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहा. मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते, आणि टाकीला टेकून मी असलं जबाबदारीचं काम करणार नव्हतो. दिपमालाने तोडगा काढला : धुळ्याला आमच्या व्याह्यांकडे मोठा कॉम्प्युटर आहे, नेट चांगलं आहे, तिथे जा.

मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरी पाहुणा म्हणून राहणं, तेही खेळण्यासाठी. पण इलाज नव्हता. शनिवारी दुपारी रजिस्टर मांडीवर घेऊन एसटीने एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला पोचलो.

व्याही निंबाआबा कोठावदे. शिंदखेड्याला चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, आता ते पुतण्याकडे देऊन धुळ्यात देवपूरला राहतात. माणूस मोकळा, पण त्या दिवशी चहा होईपर्यंत त्यांनी फक्त प्रवासाचं विचारलं. मग म्हणाले, की हितेंद्रने या खेळाचं त्यांना काही सांगितलं नाही. बारावा माणूस पाहिजे होता, तर घरात बाप होता की.

माझी निवड माझ्या अनुभवामुळे झाली, असं मी मनाशी धरलं होतं, आणि ते खरंही नव्हतं. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरलेला होता. मी म्हणालो, "आबा, मी फक्त नावापुरता आहे. बाकी सगळं कॉम्प्युटर करतो."

ज्या वाक्यासाठी मी महिनाभर धुमसत होतो, ते मी स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल, व्याह्यांच्या घरी बसून म्हणालो. आबांचा चेहरा जरा खुलला. माझा किती पडला, ते तिथे कुणी पाहिलं नाही.

रात्री मी माझी साठ नावं क्रमाने साइटवरच्या यादीत भरून ठेवली. फलंदाज वगैरे बाकीची मंडळी हितेंद्ररावांनी पाठवलेल्या कागदावरून सकाळी हाताने निवडायची होती. सकाळी सहाला आंघोळ करून आम्ही दोघे व्याही कॉम्प्युटरसमोर बसलो. प्रत्येक निवडीला साठ सेकंद. पहिल्या फेरीत मी कागदावरचा फलंदाज घेतला. दुसऱ्या फेरीत माझ्या हातातला माऊस आबांनी घेतला आणि चेहरा बरा दिसतो म्हणून एक उचलला. घर त्यांचं, मुलगा त्यांचा, माऊसही त्यांचाच.

तिसऱ्या फेरीत माझी पाळी यायला दोन नावं उरली असताना विहीणबाई, भागाबाई, आत आल्या. पाहुण्यांसाठी फुणके, म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, करायचे होते. भिजवलेली डाळ वाटायची होती आणि स्वयंपाकघरातला प्लग जळलेला होता. "दोन मिन्टनं काम शे भाऊ, दाय वाटी लेस," असं म्हणत त्यांनी नेटच्या डब्याची वायर काढली आणि तिथे मिक्सरची लावली.

मुलीचा बाप विहिणीला मिक्सर बंद करा म्हणू शकत नाही. आबा म्हणू शकले असते, पण मिक्सरच्या आवाजात त्यांना मी ऐकू गेलो नाही. दोन मिनिटांची डाळ अकरा मिनिटं वाटली गेली.

नेट परत आलं तेव्हा स्क्रीनवर माझ्या संघात तिसरं नाव आलेलं होतं : माझ्या क्रमवारीतला पहिला. मला बरं वाटलं. यंत्राला समज आहे, असं मी आबांना म्हणालोही. चौथ्या फेरीत, मी कागदावरचा फलंदाज शोधत असतानाच, दुसरा राखीव गोलंदाज आला. पाचव्यात तिसरा. सहाव्यात चौथा.

नियम असा आहे, की एकदा तुमची वेळ चुकली की ते यंत्र तुम्हाला गैरहजर मांडतं आणि पुढचं प्रत्येक नाव तुमच्या यादीतून स्वतःच उचलत जातं. परत हजर व्हायला एक बटण असतं. ते वर उजव्या कोपऱ्यात, करड्या रंगात असतं. हे मला मंगळवारी कळलं. त्या सकाळी आम्ही दोघांनी ते सोडून बाकी सगळी बटणं दाबली. आबांनी हितेंद्ररावांना सात फोन लावले. ते मित्राच्या घरी बारा नव्हे, अकरा जणांच्या घोळक्यात बसलेले, फोन बंद. आम्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलो. कुणाच्या घरचा माल ट्रकमधून उतरावा तसा एकेक राखीव गोलंदाज माझ्या अंगणात उतरत होता.

नऊ वाजता संपलं. दोन फलंदाज, एकवीस राखीव गोलंदाज. सामना सुरू करणारा गोलंदाज एकही नाही. अमेरिकेतल्या तीस संघांचे तीस शेवटचे गोलंदाज; त्यातले चौदा माझ्याकडे. भागाबाई कढी-फुणक्यांची ताटं घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय व्हयनं?"

तेवढ्यात हितेंद्ररावांचा फोन आला, आणि तो स्पीकरवर होता. मागे दहा जण हसत होते. हसत म्हणजे, ठसका लागून पाणी द्यावं लागतं तसं हसत होते. "पप्पा, हे काय केलंत तुम्ही?" ते म्हणाले, आणि त्यांच्याही आवाजात हसू होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी असं हसलं नव्हतं.

फोन आबांनी घेतला. "हासाले काय व्हयनं तुमले?" ते म्हणाले. "पंडितरावसनी ठराईसन करेल शे ते."

मी ठरवून केलं, असं आबांनी अकरा माणसांसमोर जाहीर करून टाकलं आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, की फुणके गार होताहेत. जेवलो. सकाळी नऊ वाजता आणि चवीने जेवलो.

यापुढे मला ते ठरवूनच केलेलं असणं भाग होतं. आणि गंमत म्हणजे पहिल्या पंधरा दिवसांत तसं दिसायलाही लागलं. या खेळात गुणांचे दहा रकाने असतात. सात रकान्यांत मी शेवटचा होतो, पण तीन रकान्यांत पहिला, आणि सेव्हच्या रकान्यात तर दुसरा माणूस दिसतच नव्हता. उरलेल्यांना कळलं, की ज्याने फरक पडत नाही त्याने फार फरक पडतो. 'डिअर नेरकर नेरकर सर' अशा मायन्याने विनंत्या यायला लागल्या. एक फलंदाज घ्या आणि एक राखीव द्या. मी तयार होतो, पण पद्धतीने. प्रत्येकाला विहित नमुना पाठवला : मागणीचं कारण, देऊ केलेल्या खेळाडूचा तीन वर्षांचा तपशील, दोन प्रती. तिघांनी भरला. तिघांचेही अर्ज अपूर्ण होते, म्हणून त्रुटीच्या शेऱ्यासह परत केले.

बाकीच्यांनी अर्ज केले नाहीत. त्यांनी नियम केला.

त्या लीगचा कमिशनर पारस नावाचा गृहस्थ आहे, हितेंद्ररावांचा धुळ्यातला वर्गमित्र. त्याने सगळ्यांना कळवलं, की यापुढे कोणत्याही संघाला पाचांहून अधिक राखीव गोलंदाज ठेवता येणार नाहीत. ज्यांच्याकडे जास्त असतील त्यांनी ते सात दिवसांत सोडावेत. 'ज्यांच्याकडे' म्हणे. बारा जणांत तसा मी एकटाच. आणि नियम लागू कधीपासून, तर हंगामाच्या पहिल्या दिवसापासून. याला आमच्या भाषेत पूर्वलक्षी प्रभाव म्हणतात. सरकारही ही गोष्ट दहादा विचार करून करतं, आणि केली तर कोर्टात जाऊन तोंडघशी पडतं. एका कागदी खेळाच्या कमिशनरने ती चहा पिता पिता केली.

मी चार पानी निवेदन लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण रागावल्यावर मला इंग्रजी येत नाही. प्रत माहितीसाठी हितेंद्ररावांना पाठवली. त्यांच्याकडून या वेळी अंगठाही आला नाही. सोडावे लागणाऱ्या सोळांपैकी दोन तरी त्यांना मिळणार होते. त्यांच्या संघाला त्यांची गरज होती. मी समजून गेलो. सुनंदाबाईंना म्हटलंसुद्धा, की जावई शेवटी जावईच.

शेवटी नियम बाराही जणांच्या मताला टाकला, आणि मतदान झालं. निकाल दिपमालाने कळवला. मी गच्चीवर टाकीजवळ उभा होतो.

"हरलात पप्पा," ती म्हणाली. "दहा विरुद्ध दोन."

मी विचारलं, दोन कोण.

"तुम्ही आणि हितेंद्र." मग तिने सांगितलं, की माझं अख्खं चार पानी निवेदन त्यांनी रात्री जागून इंग्रजीत केलं, पूर्वलक्षी प्रभावाला शब्द सापडेना म्हणून अर्धा तास शोधला, आणि ग्रुपवर दोन दिवस सगळ्यांशी भांडले. पारसने तर त्यांचा फोन घेणं बंद केलं आहे.

मी खाली आलो. रात्रीचं जेवण वाढलेलं होतं. कॉलनीचं नेट एव्हाना आलेलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, पण हितेंद्ररावांना मी कधी स्वतःहून फोन लावला नव्हता. दिपमालाला लावायचा आणि तिच्याकडून त्यांच्याकडे जायचं, अशीच वहिवाट होती. त्या दिवशी थेट लावला.

त्यांनी उचलला. मी म्हणालो, की तुम्ही उगीच मित्रांशी वाकडं घेतलंत, आणि खरं सांगायचं तर ते मी काही ठरवून केलं नव्हतं.

"माहिती आहे," ते म्हणाले. "आईने त्याच दिवशी मिक्सरचं सांगितलं होतं मला."

"मग मत का दिलंत?"

"नियम नंतर केला ना त्यांनी, पप्पा. मिक्सरचा त्याच्याशी काय संबंध?"

इतकं शुद्ध कायदेशीर वाक्य मी एकतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या वरिष्ठाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, की हा पारस माणूसच मुळात बरोबर दिसत नाही.

"कॉलेजातही असाच होता," हितेंद्रराव म्हणाले. "तुम्हाला सांगतो, एकदा गॅदरिंगच्या वेळी काय केलं याने..."

मी सुनंदाबाईंना ताट झाकून ठेवायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसलो.